फुलवाल्यांच्या हातावरचा इसब

पडघ्यासारख्या महामार्गावरच्या बाजारगावात फुलांचे दुकान म्हणजे बहुतेक वेळा एक टेबल, दोन टोपल्या, पाण्याची बादली आणि दोऱ्याचे रीळ. कल्याणच्या फूलबाजारातून माल आणायचा तर पहाटेच निघावे लागते. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत या मंडळींना उसंत नसते, आणि नेमक्या याच दिवसांत ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिसू लागतात. तक्रार ठरलेली: हाताला खाज, बोटांना भेगा, रात्री झोप नाही.

केसपेपरवर व्यवसायापुढे 'मजुरी' किंवा 'घरकाम' लिहिलेले असते. घरी बसून हार ओवणाऱ्या बाईला आपण 'फुलांचे काम' करतो असे सांगावेसे वाटत नाही, आणि गर्दीत डॉक्टरही विचारत नाही. मग गजकर्ण समजून मलम दिले जाते. आठ दिवसांनी बाई पुन्हा दारात.

अशा वेळी पुरळ नेमके कुठे आहे ते पाहावे. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांची टोके सोललेली, चिरलेली असतील, म्हणजे देठ धरायची आणि पाने खुडायची जागा, तर संशय शेवंतीवर घ्यावा. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, जरबेरा ही सगळी एकाच कुळातली, सूर्यफुलाची भावंडे. या कुळातल्या अनेक वनस्पतींच्या पानांवर, देठांवर बारीक लव असते आणि तिच्यात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची रसायने असतात. काहींच्या त्वचेला ती वर्षानुवर्षे हाताळल्यावर सोसेनाशी होतात. 'वीस वर्षे हेच काम करतोय, आताच कसे झाले?' या प्रश्नाचे उत्तर हेच. अ‍ॅलर्जी जडायला वेळ लागतो. एकदा जडली की मात्र ती सहसा जात नाही. सुगंधाचा किंवा परागकणांचा यात फारसा दोष नाही. फूल सुकले तरी रसायन टिकते, त्यामुळे दुकानातला वाळका कचरा झाडतानाही त्याची धूळ पापण्यांवर, मानेवर बसून तिथे खाज सुटते.

याच कुळातला आणखी एक गडी रस्त्याच्या कडेला उभा असतो: गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. भारतात ते १९५०च्या दशकात पुण्यात लक्षात आले आणि पुढच्या काळात शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या चिवट इसबाचे कारण म्हणून कुप्रसिद्ध झाले. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्याला शेवंतीचीही होऊ शकते, कारण रसायने एकमेकांच्या नात्यातली. फुलवाल्याचा चेहरा सुट्टीतही बरा होत नसेल, तर घरामागचे गवत बघावे.

खात्री करायची तर पॅच टेस्ट. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्वचा लाल होते का ते पाहतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ती सहसा होते. तिचे महत्त्व एवढ्यासाठी, की 'फुलांचा धंदा सोडा' हा सल्ला देणे सोपे, पण ऐन हंगामात तो घराची चूल विझवणारा असतो. शेवंतीचीच अ‍ॅलर्जी निघाली तर मोगरा, गुलाब, जास्वंद ही निराळ्या कुळांतली फुले बहुधा चालतात. घरातल्या कामाची वाटणी बदलली तरी पुष्कळदा भागते: शेवंतीची पाने दुसऱ्याने खुडायची, हिने मोगरा ओवायचा.

हातमोजे घालून सुई-दोरा चालत नाही, हे मला मान्य आहे. पण पाने खुडताना, बादली धुताना आणि कचरा भरताना नायट्राइलचे मोजे नक्की घालता येतात. कचरा झाडण्याआधी पाणी शिंपडावे. तासन् तास ओल्या राहणाऱ्या हातांची त्वचा तशीही कमकुवत होते. काम संपल्यावर हात धुऊन, कोरडे करून साधे व्हॅसलीन चोळले तरी फरक पडतो. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, त्याला आणखी एक कारण आहे. बेल्जियममध्ये २० फुलविक्रेत्यांना काम करताना सुती मोजे घालायला दिले आणि ते मोजे तपासले. त्यांवर कीड व बुरशीनाशकांचे एकूण १११ घटक सापडले. फुले खाण्यासाठी नसतात, म्हणून त्यांवरच्या फवारणीकडे कुणी भाजीइतके बारकाईने पाहत नाही.

गुलाबाचा काटा रुतला तर धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. काट्याच्या जागी गाठ येऊन, मग हातावर वरच्या दिशेने ओळीने गाठी उठू लागल्या तर ती स्पोरोट्रायकोसिस नावाची बुरशी असू शकते. तिच्यावर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. बुरशीविरोधी गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र फुलांपेक्षा ट्यूबने होताना मी पाहतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमात बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखे जहाल स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस महिनोन् महिने ते लावत राहतो. त्वचा पातळ होते, भेगा वाढतात, आणि चेहऱ्याला लावले तर तिथे वेगळाच आजार सुरू होतो. इसबाला स्टिरॉइड लागते, पण कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

म्हणून दवाखान्यात येताना आपले काम सांगा. ज्या फुलाचा संशय आहे त्याची पानासकट एक काडी तोंड बांधलेल्या पिशवीत आणा, आणि सोबत ती अर्धी संपलेली ट्यूबही.