मिठाचा अर्धा कण आणि ७६० परार्ध आयन

मिठाच्या एका बारीक कणाचं वजन साधारण ६० मायक्रोग्रॅम. त्यातला अर्धा कण लिटरभर पाण्यात जेवढा भरेल, साधारण तेवढंच फॉस्फेट रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, असावं, असं बरेच अनुभवी प्रवाळपालक मानतात : ०.०३ पीपीएम. त्याच लिटरात क्षार असतात ३५ ग्रॅम, फॉस्फेटच्या अकरा लाख पटींहून अधिक.

४०० लिटरच्या टँकचा हिशेब मांडू. सगळं मिळून फॉस्फेट अवघं १२ मिलिग्रॅम. पण त्यातले आयन मोजायला बसलात तर आकडा जातो ७६० परार्धांवर. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आता माशांच्या कोरड्या खाद्यात एक टक्का फॉस्फरस धरा. एका ग्रॅम खाद्यातून ३० मिलिग्रॅम फॉस्फेट सुटू शकतं. अख्ख्या टँकच्या साठ्याच्या अडीच पट, एका चिमटीत!

समजा, फॉस्फेट ०.३० वर चढलं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलून ते ०.०३ वर आणायचं, तर नव्या पाण्यात फॉस्फेट शून्य असलं तरी २२ वेळा पाणी बदलावं लागेल. म्हणजे ८८० लिटर पाणी, जवळपास ३१ किलो मीठ आणि पाच महिने. तेही रोजचं खाद्य हिशेबात न धरता. शिवाय टँकमधले चुनखडीचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की पुन्हा सोडू लागतात. म्हणून आज खाली आलेला आकडा चार दिवसांत वर गेलेला दिसतो.

मग फॉस्फेट काढून टाकायला लँथनम क्लोराइड किंवा लोहयुक्त दाणे वापरावे लागतात. ०.३० वरून ०.१० वर यायला ८० मिलिग्रॅम फॉस्फेट काढायचं. त्याला लँथनम लागतं सुमारे ११७ मिलिग्रॅम, चमचाभरही नाही. इतकं थोडं असल्यामुळेच ते एकदम ओतायचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. द्रावण खूप पातळ करून थेंब-थेंब, बारीक जाळीच्या फिल्टर सॉकमध्ये सोडावं, म्हणजे तयार होणारा पांढरा गाळ माशांच्या कल्ल्यांपर्यंत जात नाही. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलण्याची क्षमता, हीही तपासत राहावी. दाणे वापरायचे तर सुरुवात अर्ध्याहून कमी मात्रेने करावी.

शून्य गाठणं तर मला सर्वांत धोक्याचं वाटतं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास एकपेशीय शैवालं राहतात, आणि त्यांनाही फॉस्फरस लागतोच. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३च्या शोधनिबंधात दाखवलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार असेल, तर उष्णता आणि प्रखर प्रकाशात प्रवाळ लवकर पांढरे पडतात.

त्यात घरगुती मापकाची चूकच अनेकदा ०.०२ पीपीएम असते. ०.०३ दाखवणाऱ्या पाण्यात प्रत्यक्षात ०.०१ असू शकतं किंवा ०.०५. त्यामुळे एका वाचनावर मात्रा वाढवू नये; लागोपाठच्या काही चाचण्यांत आकडा कुठल्या दिशेने सरकतोय ते पाहावं.