महागडा कॅमेरा घ्यायचा विचार करताय? आधी बॉडी आणि लेन्सचं गणित समजून घ्या

पगार झाला, सेल लागला आणि स्क्रीनवर 'नो कॉस्ट ईएमआय' दिसलं, की 'हौसेला मोल नसतं' हे वाक्य हमखास आठवतं. पण हप्ते सुरू झाल्यावर मोल कळतंच. मग महागडा कॅमेरा खरंच वर्षानुवर्षं पुरतो का? उत्तर आहे: त्यातला एक भाग पुरतो, दुसरा लवकर मागे पडतो.

बॉडी लवकर जुनी का होते?

बॉडी म्हणजे सेन्सर, प्रोसेसर आणि ऑटोफोकस. मोबाइलसारखंच यातलं तंत्रज्ञान दर काही वर्षांनी पुढे जातं आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते. जुन्या बॉडीने काढलेले फोटो खराब होत नाहीत, पण ती विकायला गेल्यावर हाती फार कमी येतं.

लेन्स का टिकते?

चांगली काच जुनी होत नाही. शिवाय लेन्स जिथे बसते तो 'माउंट' कंपन्या सहसा पटकन बदलत नाहीत. निकॉनने एफ माउंट १९५९ मध्ये आणला. कॅननने ईएफ १९८७ मध्ये आणला आणि आरएफ थेट २०१८ मध्ये. ईएफ लेन्स आजही अडॅप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालतात. प्रत्येक जुन्या लेन्सचं मात्र असं नाही. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्याच अडॅप्टरने झेड कॅमेऱ्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो.

परवडलं की नाही, कसं ओळखायचं?

समजा, ६० हजारांची लेन्स घेतली आणि ५ वर्षांनी २४ हजारांना विकली. म्हणजे खरा खर्च ३६ हजार.

- महिन्यातून दोनदा वापरली, तर १२० वेळा. एका वेळेचा खर्च ३०० रुपये.
- ५ वर्षांत फक्त १० वेळा वापरली, तर एका वेळेचे ३,६०० रुपये!

लेन्स तीच, किंमत तीच. फरक फक्त वापराचा. दुसऱ्या गटात बसत असाल, तर ट्रिपपुरती भाड्याने घेणं स्वस्त पडतं.

आपल्याकडचा मोठा शत्रू: पावसाळा

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात, बॅगेत बंद पडलेल्या लेन्सला बुरशी लागते. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहू शकतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा किंवा ड्राय कॅबिनेट वापरा. आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्के असावी. आणि लेन्स अधूनमधून बाहेर काढून वापरा.

मग नेमकं काय करायचं?

- पहिली बॉडी साधी किंवा सेकंडहँड घ्या. शटर किती वेळा पडलंय ते आधी विचारा.
- जुनी लेन्स घेताना एका बाजूने टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का बघा.
- महागडी लेन्स आधी एक-दोनदा भाड्याने वापरा.
- सध्याच्या कॅमेऱ्याने वर्षभर नियमित फोटो काढलेत, तरच मोठा खर्च करा.

तुमच्या घरातला कॅमेरा शेवटचा कधी बाहेर निघाला होता? नवा हप्ता सुरू करण्याआधी ती तारीख आठवून बघा.