सभेतील वाद आणि रंगभूमीवरील निवाडा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्यात महाविद्यालय, सभा व नाटकगृह यांचा श्रोतृवर्ग बऱ्याच अंशी एकच होता. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक आगरकर १८८८ पासून ‘सुधारका’तून बालविवाहावर प्रहार करीत होते. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले, तेव्हा त्यांनी त्याचा पुरस्कार केला. त्यांचे पूर्वीचे सहकारी टिळक यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता.

कायदा झाला, पण सामाजिक सुधारणा कोणाच्या अधिकाराने व्हावी, हा प्रश्न उरलाच. १८९९ मध्ये देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. त्याचा विषय जरठ-कुमारीविवाह, म्हणजे निराळा पण निकटचा. वृद्ध भुजंगनाथाशी होऊ घातलेला शारदेचा विवाह मोडतो आणि अखेर शंकराचार्यांच्या निर्णयाने तिचा कोदंडाशी विवाह होण्याचा मार्ग मोकळा होतो. नाटकाने सुधारणेचे साध्य स्वीकारले. अधिकार मात्र धर्मपीठाकडे दिला. त्यामुळे सरकारी कायद्यास विरोध असणाऱ्या प्रेक्षकासही शारदेचा पक्ष घेणे शक्य झाले.

तत्कालीन लोकमताचा अभ्यास केवळ अग्रलेख व व्याख्याने यांवर आधारणे म्हणूनच अपुरे ठरते. सभेत जे पक्ष परस्परविरोधी दिसतात, त्यांना एकत्र आणणारी भूमी नाटकांतच शोधावी लागते.