मुक्तस्रोत प्रणालीची तबकडी : नक्कल, वाटप आणि कायदा

साहित्याच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, 1957 मधील व्याख्येनुसार संगणकाची आज्ञावली ही ‘साहित्यकृती’च होय. त्यामुळे कादंबरीप्रमाणेच आज्ञावलीची प्रत काढण्याचा अधिकारही मूळ कर्त्याकडे असतो. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरल्यास 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘सगळेच करतात’ हा येथे बचाव ठरत नाही.

परवाना म्हणजे कर्त्याची संमती

मग लिनक्ससारख्या प्रणालीची तबकडी मित्राला देणे वैध कसे? तेथे प्रताधिकार नष्ट झालेला नसतो. कर्त्याने परवान्याद्वारे आपली संमती आधीच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून ग्नू सार्वजनिक परवाना सिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती 1991 मध्ये आली. लिनक्सचा गाभा याच आवृत्तीखाली वितरित होतो. आज्ञावली वापरणे, अभ्यासणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारून वाटणे, ही चार स्वातंत्र्ये या विचाराच्या मुळाशी आहेत.

वाटणाऱ्याची कर्तव्ये

स्वातंत्र्यासोबत बंधनेही येतात. परवान्याचा मजकूर प्रतीसोबत द्यावा लागतो. मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सोबत द्यावी किंवा ती मिळण्याची लेखी हमी द्यावी लागते. घेणाऱ्याचे हक्क कमी करता येत नाहीत. प्रत करून देण्याच्या श्रमाचे मोल मात्र घेता येते. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा नाही. शिवाय एकाच तबकडीवर वेगवेगळ्या परवान्यांचे घटक असू शकतात आणि प्रणालीचे नाव व बोधचिन्ह यांना व्यापारचिन्हाचा कायदा लागू होतो. म्हणून वाटण्यापूर्वी परवाना वाचणे अगत्याचे आहे.

पोथीची परंपरा

प्रत काढताना मूळ पाठाशी इमान राखणे आपल्या परंपरेला नवे नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकलांमधून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. ग्नू परवान्याची वाट वेगळी आहे. तो बदलास मज्जाव करत नाही. मात्र बदल केल्याचे आणि त्याच्या तारखेचे स्पष्ट निवेदन मागतो. कोणता शब्द मूळ कर्त्याचा आणि कोणता नंतरच्या हाताचा, हे वाचकाला कळावे, ही चिंता दोन्हीकडे समान आहे.

मराठी वाचकासाठी महत्त्व

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली. तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. महागडा परवाना न परवडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे चोरीची प्रत किंवा संगणकाविना राहणे, असे दोनच पर्याय उरत नाहीत. तिसरा, सन्मानाचा मार्ग उपलब्ध आहे आणि त्या मार्गावर वाटणे हा गुन्हा नसून हक्क आहे.

स्वाध्याय : ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या संकल्पनांतील भेद ग्नू परवान्याच्या आधारे स्पष्ट करा.