जीटीएची गोष्ट नेमकी सुरू कुठून होते? कथेच्या क्रमाने खेळायचं असेल तर हे वाचा

मागच्या गणपतीत नात्याला गेले होते. नाते म्हणजे महाडहून रायगडाकडे जाताना लागणारं गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म इथलाच. पण आमच्या घरात नात्याची ओळख वेगळी आहे. आमच्या आतेभावाकडे कॉम्प्युटर होता आणि त्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी होती.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा पोरं त्याच्यामागे उभी राहायचो. खेळायचा फक्त दादा. गाडीतला रेडिओ बदलायचं काम माझ्याकडे होतं. मिशन जमलं नाही की तो कोड मारायचा, रणगाडा उतरवायचा आणि गल्लीभर पळवायचा. मिशन जमत आलं की हमखास लाइट जायची. गेम फक्त घरी जाऊनच सेव्ह व्हायचा, त्यामुळे तासाभराची मेहनत पाण्यात.

पुढे दादा नोकरीसाठी महाडला राहायला गेला. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडमध्ये शिरलं, त्यात त्याच्या खोलीतला तो सीपीयूही गेला. शेवटच्या मिशनपर्यंत पोचलेली सेव्ह फाइल त्यातच होती.

आता त्याने नवा कॉम्प्युटर घेतलाय. आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता मला म्हणाला, "अगं, तू त्या वेबसाइटवर लिहितेस ना? मला एक सांग. तो लान्स शेवटी टॉमीवर उलटतो, पण तो लान्स मुळात कोण? आम्ही एवढी वर्षं खेळलो, गोष्ट काही कळलीच नाही. सहावा यायच्या आत सगळं पहिल्यापासून खेळायचंय. सुरुवात कुठून करू?"

गावाचं नाव नाते आणि प्रश्नही नात्यांचाच. दादासारखे लाखो जण आहेत, ज्यांनी जीटीए खेळला पण त्याची गोष्ट पाहिली नाही. त्यांच्यासाठी हे सोपं करून सांगते. गेम जुने आहेत, त्यामुळे काही वळणं आधीच उघड होतील. चालत नसेल तर थेट शेवटच्या यादीवर जा.

आधी हे समजून घ्या : जीटीएची एकच गोष्ट नाही

सगळे गेम एकाच कथेचे भाग आहेत, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाहीये. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनेच याचे तीन वेगवेगळे 'युनिव्हर्स' सांगितलेत.

पहिलं टूडी. 1997 चा पहिला जीटीए, 1999 मध्ये आलेले लंडनचे भाग आणि त्याच वर्षीचा जीटीए 2. वरून दिसणारा रस्ता आणि त्यावर मुंगीएवढ्या गाड्या. इथे गोष्ट नावापुरती आहे.

दुसरं थ्रीडी. जीटीए 3, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास आणि त्यांच्या आगेमागे आलेले गेम. आपलं बालपण ते हेच.

तिसरं एचडी. जीटीए 4 पासून पुढचं सगळं. येणारा जीटीए 6 सुद्धा यातच.

शहरांची नावं तीच राहतात, दुकानांचे ब्रँड आणि रेडिओ स्टेशनं तीच राहतात, पण एका युनिव्हर्समधली माणसं दुसऱ्यात येत नाहीत. म्हणजे 6 मध्ये व्हाइस सिटी दिसणार असली तरी टॉमी व्हर्सेटी तिथे भेटेल या आशेवर राहू नका. त्या जगात टॉमी नाहीच.

थ्रीडीचा घोळ : शेवटी आलेला गेम सगळ्यात आधी घडतो

जीटीए 3 आला 2001 मध्ये. तो चालला म्हणून 2002 मध्ये व्हाइस सिटी आणि 2004 मध्ये सॅन अँड्रियास आला. पण कंपनीने गोष्ट पुढे नेण्याऐवजी मागे नेली. नंतर आलेला प्रत्येक गेम जीटीए 3 च्या आधीच्या काळात घडतो. त्यामुळे बाजारात आलेला क्रम आणि कथेचा क्रम जवळपास उलटे आहेत.

कथेचा क्रम असा :

1984 – व्हाइस सिटी स्टोरीज. बाजारात आला 2006 मध्ये. नायक व्हिक्टर व्हान्स हा लष्करातला साधा माणूस. आजारी भावाच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून सैन्यात आलेला. वरिष्ठाच्या नादाने नोकरी जाते आणि तो गुन्हेगारीत ओढला जातो. त्याचा दुसरा भाऊ म्हणजे दादाच्या प्रश्नातला लान्स.

1986 – व्हाइस सिटी. 15 वर्षं तुरुंगात काढून आलेला टॉमी व्हर्सेटी. सुरुवातीलाच बंदरावर मालाचा सौदा होतो, गोळीबार होतो आणि समोरचा एक माणूस मरतो. तो माणूस म्हणजेच व्हिक्टर. आम्ही लहानपणी हा सीन एंटर दाबून पुढे ढकलायचो. आधीचा गेम खेळून आलात तर तो ढकलवणार नाही. हेलिकॉप्टरमधून निसटतो तो लान्स, आणि पुढे टॉमीचा भागीदार होतो तोही लान्सच. भावाच्या मरणापासून दगाबाजीपर्यंतचा त्याचा प्रवास दोन गेम मिळून पूर्ण होतो.

1992 – सॅन अँड्रियास. आईच्या अंत्यविधीसाठी घरी परतलेला कार्ल जॉन्सन, म्हणजे आपला सीजे. इथे टॉमीचा वकील केन रोझेनबर्ग पुन्हा भेटतो. एका शर्यतीत एक न बोलणारा माणूस भेटतो, त्याचं नाव क्लॉड. त्याच्यासोबत कॅटलिना असते. हे दोन चेहरे लक्षात ठेवा.

1998 – लिबर्टी सिटी स्टोरीज. बाजारात आला 2005 मध्ये. लिओनी घराण्याचा माणूस टोनी सिप्रियानी काही वर्षं लपून राहून शहरात परततो. सॅन अँड्रियासमध्ये भेटलेला डॉन साल्वातोरे लिओनी इथे पूर्ण रंगात दिसतो.

2000 – जीटीए ॲडव्हान्स. गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या छोट्या यंत्रासाठी आलेला गेम. सॅन अँड्रियास ज्या दिवशी आला त्याच दिवशी हाही आला आणि त्याच्या सावलीत हरवला. सोडलात तरी फारसं बिघडत नाही.

2001 – जीटीए 3. बँक दरोड्यानंतर कॅटलिना आपल्याच साथीदाराला गोळी घालते. तो साथीदार क्लॉड. शर्यतीत भेटलेला तोच मुका माणूस. पूर्ण गेमभर तो तिचा माग काढतो.

या सहा गेममधला एक माणूस मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे फिल कॅसिडी. 1984 मध्ये त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत. 1986 मध्ये दारूच्या प्रयोगात एक हात जातो. जीटीए 3 मध्ये तो एका हाताने बंदुका विकताना भेटतो. क्रमाने खेळणाऱ्यालाच ही गंमत कळते.

मग सरळ याच क्रमाने खेळायचं का?

इथे एक अडचण आहे. गोष्ट पुढे जाते, पण गेम मागे जातो.

सॅन अँड्रियासमध्ये पोहता येतं, विमान उडवता येतं, जिम करून सीजेचं शरीर बनवता येतं. तिथून जीटीए 3 मध्ये आलात की पाण्यात पडलात की मेलात. मोटरसायकल नाही. जुन्या आवृत्तीत पॉज करून नकाशाही बघता येत नाही. नव्या खेळाडूला हा धक्का बसतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात.

दुसरी अडचण म्हणजे व्हाइस सिटी स्टोरीज मिळवणं. हा गेम फक्त पीएसपी आणि पीएस 2 वर आला. कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर कंपनीने तो कधीच काढला नाही. लिबर्टी सिटी स्टोरीज मात्र मोबाइलवर आलेला आहे.

जीटीए 3, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिन्ही 2021 मध्ये 'डेफिनिटिव्ह एडिशन' म्हणून एकत्र आले. सुरुवातीला त्यात इतक्या चुका होत्या की कंपनीला माफी मागावी लागली. नंतर बऱ्याच दुरुस्त झाल्या. आपल्यासारख्यांसाठी त्यातली कामाची गोष्ट म्हणजे मिशन फसलं तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून इमारत पाडायचं मिशन आठवतंय? त्यासाठी एवढं पुरेसं आहे.

एचडीचा क्रम सोपा आहे

2008 – जीटीए 4. पूर्व युरोपातल्या युद्धातून आलेला निको बेलिक जहाजातून लिबर्टी सिटीत उतरतो. चुलतभाऊ रोमनने पत्रांतून बंगला, गाड्या, श्रीमंती सांगितलेली असते. प्रत्यक्षात निघते एक कळकट खोली आणि डोक्यावर कर्ज. मुंबईला गेलेल्या भावाच्या फोनवरच्या गप्पा आणि प्रत्यक्षातली चाळीतली खोली ज्यांनी पाहिलीय, त्यांना हा गेम वेगळाच लागेल.

त्यालाच जोडून दोन भाग 2009 मध्ये आले, द लॉस्ट अँड डॅम्ड आणि द बॅलड ऑफ गे टोनी. हे जीटीए 4 च्या पुढचे नाहीत, त्याच काळात घडतात. हिऱ्यांचा एकच सौदा तीन वेगळ्या माणसांच्या नजरेतून दिसतो. आधी निको, मग जॉनी, मग लुईस असं खेळा. कॉम्प्युटरवरच्या 'कम्प्लीट एडिशन'मध्ये तिन्ही येतात.

2009 – चायनाटाउन वॉर्स. छोटा, वरून दिसणारा गेम. ऐच्छिक समजा.

2013 – जीटीए 5. मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर. सुरुवातीचा बर्फातला दरोडा 2004 चा आहे, बाकी गोष्ट 2013 ची. इथेच क्रमाचं महत्त्व कळतं. 4 च्या भागांमधला एक ओळखीचा माणूस 5 मध्ये अगदी थोडा वेळ दिसतो आणि त्याचं जे होतं ते बघून नवा खेळाडू हसून पुढे जातो. ज्याने त्याची गोष्ट खेळलीय, तो हात थांबवून बसतो. नाव सांगत नाही.

6 साठी काय काय खेळावं लागेल?

जीटीए 6 ची जाहीर झालेली तारीख आहे 19 नोव्हेंबर 2026, तीही पीएस 5 आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. लुसिया आणि जेसन ही जोडी आणि फ्लोरिडावर बेतलेलं लिओनिडा नावाचं राज्य. गोष्ट नवी आहे. फक्त 6 च्या तयारीसाठी खेळायचं असेल तर 4 आणि 5 पुरे. थ्रीडीवाले गेम 6 साठी नाहीत, ते स्वतःसाठी खेळायचे.

दादाला दिलेली यादी

दादाची एमआयडीसीत शिफ्ट असते. रात्री एक-दीड तास मिळतो. मोठ्या गेमची फक्त मुख्य मिशनं करायची म्हटली तरी एकेकाला वीस-तीस तास लागतात. सगळे खेळत बसला तर वर्ष जाईल. म्हणून त्याला पाचच गेम सांगितले :

1. व्हाइस सिटी
2. सॅन अँड्रियास
3. जीटीए 3
4. जीटीए 4, दोन्ही भागांसह
5. जीटीए 5

वेळ उरला आणि जुना पीएसपी हाती लागला तर व्हाइस सिटी स्टोरीज. तो खरं तर व्हाइस सिटीनंतर खेळलात तरी चालतो. शेवट माहीत असताना व्हिक्टरची धडपड बघणं जास्त जड जातं.

तीन सूचनाही दिल्या. एक, संवादाच्या वेळी सबटायटल चालू ठेव आणि एंटर दाबू नकोस. दोन, सॅन अँड्रियासमध्ये कोड मारून गेम सेव्ह करू नकोस. लोकांना दंगल करायला लावणारा कोड सेव्हमध्ये कायमचा बसतो आणि पुढे मिशन अडकतं. तीन, हे गेम 18 वर्षांवरच्यांसाठी आहेत. आम्ही दहाव्या वर्षी बघत होतो हे खरं, पण म्हणून त्याच्या सात वर्षांच्या मुलाला मागे उभं करायचं नाही.

परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "बंदरावरचा सीन पूर्ण बघितला. तो मेला तो लान्सचा भाऊ होता होय? वीस वर्षं झाली गं." त्याखाली दुसरा मेसेज होता, "लाइट गेली. पण सेव्ह केलं होतं."