गोरान जिंकला, पण पैसे लावणारे?

2024 च्या दिवाळीत आमच्या बहिणीच्या घरी गेलो असता भाच्याची एक वही आमच्या हाती लागली. पदवी घेऊन तीन वर्षे झालेली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू. आम्हाला वाटले, गणिताची वही असेल. उघडून पाहतो तो टेनिसपटूंची नावे, समोर भाव, समोर लावलेली रक्कम! विंबल्डन, फ्रेंच ओपन, अमेरिकन ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन. 2022 च्या फ्रेंच ओपनपासून 2024 च्या अमेरिकन ओपनपर्यंत अकरा स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेत तीन नावे, प्रत्येक नावावर पाचशे रुपये. आमचा जन्म कारकुनीत गेला. बेरीज केल्याशिवाय वही मिटवता येत नाही. साडेसोळा हजार रुपये नावे, जमेच्या बाजूला शून्य. क्लासच्या फीतून काढलेले हे पैसे होते, हे पुढे कळले.

विशेष म्हणजे त्या तेहतीस नावांत एकही मोठे नाव नव्हते. जोकोविच नाही, अल्काराझ नाही, सिनर नाही. सगळे मानांकन नसलेले, कोणाच्या खिजगणतीत नसलेले खेळाडू. असे का, म्हणून विचारले तर तो म्हणाला, "मामा, मोठ्यावर लावून मिळतं काय? शंभराचे दीडशे. याच्यावर लागला तर शंभराचे पन्नास हजार. आणि लागतो कधी कधी. गोरान नाही का लागला?"

गोरान लागला होता, हे खरे आहे. वाचकांपैकी अनेकांना ती 2001 सालची विंबल्डन स्पर्धा आठवत असेल. क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच तेव्हा जागतिक क्रमवारीत 125 वा होता. स्वतःच्या क्रमांकावर त्याला स्पर्धेत जागाही मिळत नव्हती. आयोजकांनी मेहेरबानी म्हणून वाइल्ड कार्ड दिले. आदल्या वर्षी ब्रायटनच्या स्पर्धेत रागाने सर्व रॅकेटी मोडल्यामुळे त्याला सामना सोडावा लागला होता, अशी त्याची अवस्था. त्याच्यावर शंभराहून अधिक पटीचा भाव होता. उपांत्य फेरीत इंग्लंडच्या टिम हेन्मनशी पावसामुळे सामना तीन दिवस लांबला आणि अंतिम सामना सोमवारी, 9 जुलैला झाला. त्याने पॅट राफ्टरला 6-3, 3-6, 6-3, 2-6, 9-7 असे हरवले. जिंकण्याची पहिली संधी आली तेव्हा सर्व्हिसच्या दोन्ही चुका केल्या; चौथ्या संधीला विजय मिळाला. वाइल्ड कार्डवर येऊन विंबल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा आजपर्यंत तो एकच. ते पाहताना आमचेही डोळे ओलावले होते, हे कबूल करतो. गरिबाला, मागे राहिलेल्याला असा माणूस आपलाच वाटतो. बुकीचा धंदा नेमका याच आपुलकीवर चालतो.

थोडे खोलात जाऊन पाहू. हा गोरान खरोखर बाहेरचा होता काय? 1992, 1994 आणि 1998 अशा तीन वेळा तो विंबल्डनच्या अंतिम फेरीत हरला होता. म्हणजे यादीत तो 125 वा, पण त्या गवतावर जगातील पहिल्या फळीचा. 1994 मध्ये मानांकन नसताना अमेरिकन ओपन जिंकणारा अगासी दोनच वर्षांपूर्वी विंबल्डन जिंकलेला होता. 1985 साली सतराव्या वर्षी विंबल्डन जिंकणाऱ्या बोरिस बेकरला मानांकन नव्हते, परंतु त्याने नुकतीच लंडनची क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली होती. यादी मागे पडली होती, माणूस पुढे गेला होता. खरोखर कोठून तरी आलेले म्हणावेत असे फार थोडे. 1976 साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणारा मार्क एडमंडसन 212 व्या क्रमांकाचा होता आणि स्पर्धेपूर्वी रुग्णालयात फरशा पुसण्यासारखी कामे करून पोट भरत होता; अंतिम सामन्यात त्याने न्यूकोम्बसारख्या दिग्गजाला हरविले. 1997 चा फ्रेंच ओपनविजेता ब्राझीलचा कुएर्तेन 66 वा होता, त्याआधी या पातळीवरची एकही स्पर्धा त्याने जिंकली नव्हती. आणि 2004 चा गास्तोन गाउदिओ, 44 वा, पहिले दोन सेट 0-6, 3-6 असे गमावून कोरियाविरुद्ध जिंकला. कोरिया जिंकण्यापासून एका गुणावर दोन वेळा येऊन थांबला होता.

आता वहीची दुसरी बाजू. गाउदिओनंतर काय? 2005 ते 2025 या एकवीस वर्षांत या चार मोठ्या स्पर्धा 83 वेळा झाल्या (2020 ची विंबल्डन कोरोनामुळे झालीच नाही). त्या 83 पैकी मानांकन नसलेल्या पुरुषाने एकेरीचे विजेतेपद किती वेळा मिळविले? एकदाही नाही. विजेत्यांत सर्वांत खालचे मानांकन 17, ते 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, आणि तो सतरावा खेळाडू कोण, तर दुखापतीतून परतलेला रॉजर फेडरर! 2024 आणि 2025 च्या आठही स्पर्धा सिनर व अल्काराझ या दोघांनी आपसात वाटून घेतल्या.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. स्पर्धेत 128 खेळाडू, जिंकण्यासाठी सलग सात सामने. समजा तुमच्या खेळाडूची प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता तीनात एक आहे. सातही सामने जिंकण्याची शक्यता मग 2187 मध्ये एक होते; तीन हा आकडा सात वेळा गुणून पाहावा. बुकी मात्र अशा खेळाडूला, समजा, एकास पाचशे भाव देतो. 2187 वेळा शंभर रुपये लावले तर गेले 2,18,700 आणि एकदा जिंकल्यावर हाती आले मुदलासह 50,100. भाच्याला पाचशे हा आकडा मोठा वाटला, कारण त्याने तो आपल्या शंभर रुपयांशी ताडून पाहिला. ताडायचा होता 2187 शी.

शिवाय पुरुषांचे हे सामने पाच सेटचे असतात. एका सेटमध्ये शंभरात चाळीस वेळा जिंकू शकणारा खेळाडू तीन सेटच्या सामन्यात सुमारे 35 वेळा जिंकेल, पाच सेटच्या सामन्यात सुमारे 32 वेळा. सामना जितका लांब, तितका दुबळ्याचा नशिबाचा वाटा कमी. 2001 च्या विंबल्डनपासून मानांकने 16 ची 32 झाली, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत बड्यांची आपसात गाठ पडत नाही.

एखादा सामना उलटतो, ती गोष्ट वेगळी. 1989 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आपल्या रमेश कृष्णनने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या विलँडरला दुसऱ्याच फेरीत घरी पाठविले. 2009 साली फ्रेंच ओपनमध्ये तोवर कधीही न हरलेल्या नदालला सॉडरलिंगने हरविले. पण त्या स्पर्धा जिंकल्या अनुक्रमे लेंडलने आणि फेडररने.

घोड्यांच्या शर्यतींत लांबच्या भावाच्या घोड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, हे अमेरिकेत 1949 सालीच एका अभ्यासकाने दाखविले होते. फॉरेस्ट आणि मॅकहेल या इंग्लंडमधील दोघा प्राध्यापकांनी 2007 मध्ये पुरुषांच्या टेनिसबाबत हेच दाखवून दिले: मोठ्या पटीच्या भावामागे धावणाऱ्याचा तोटा जास्त, आवडत्या खेळाडूवर लावणाऱ्याचा कमी. तोटा दोघांचाही, कारण बुकी आपले कमिशन भावातच कापून ठेवतो. बरोबरीच्या दोघांवर शंभराचे दोनशे द्यायला हवेत तेथे तो एकशे नव्वद देतो, आणि दोनशे गोळा करून दहा खिशात टाकतो. लांबच्या भावात ही कात्री कितीतरी मोठी असते, पण दिसत नाही, कारण पाचशे खरे की सातशे खरे हे कोणाला ठाऊक?

एक गंमतही सांगतो. इंग्लंडमध्ये सट्ट्याची दुकाने 1961 पासून कायदेशीर आहेत. तेथील एका गृहस्थाने 2003 साली, फेडरर 2019 पर्यंत सात वेळा विंबल्डन जिंकेल, यावर एकास सहासष्ट भावाने 1,520 पौंड लावले. 2012 मध्ये फेडररने सातवे विजेतेपद मिळविले आणि 1,01,840 पौंड मिळाले. पण ते गृहस्थ 2009 मध्येच वारले होते. पावती त्यांनी मृत्युपत्राने ऑक्सफॅम या संस्थेला दिली होती, पैसा संस्थेला गेला. इतका अचूक अंदाज बांधणाऱ्याच्या स्वतःच्या हाती काय आले?

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. भाच्याची ॲप परदेशातून चालणारी होती. कायद्याने दार लागले तरी खिडक्या राहतात, हे मटक्याचा काळ पाहिलेल्यांना सांगायला नको.

त्या दिवशी ही सर्व आकडेमोड आम्ही भाच्यापुढे मांडली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामा, क्लासमध्ये तरी काय? हजारो बसतात, जागा मूठभर. तिथेही माझा भाव एकास पाचशेच आहे."

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. बहीण चहा घेऊन आली म्हणून विषय थांबला. नंतर आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, त्या शर्यतीत तू स्वतः मैदानात आहेस, रोज चार तास जास्त बसलास तर तुझा भाव बदलतो. तुझ्या तेहतीस खेळाडूंचा भाव तुझ्या जागरणाने बदलला का? तो हसला. पटले की नाही, सांगता येत नाही.

वही मात्र त्याने आमच्याकडे दिली. तिच्यात एका नावाभोवती लाल शाईने दोन वेळा गोल केला आहे: बेन शेल्टन, 2023 ची अमेरिकन ओपन. मानांकन नसताना हा मुलगा उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. त्या रात्री भाच्याने मित्रांना पार्टी देण्याचे कबूल केले होते, असे बहीण सांगते. पुढच्या सामन्यात जोकोविचने शेल्टनला सरळ तीन सेटमध्ये हरविले. समोरच्या जमेच्या रकान्यात भाच्याने पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडले आहे. किती रक्कम लिहिली होती, ते आता वाचता येत नाही.