चुकीच्या खेळीनंतरचा तास

नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयल ऑफ मॅन बेटावरील डग्लस येथे ग्रँड स्विस स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला, तेव्हा त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाला जेमतेम एक दिवस उलटला होता. आणि दोनच महिन्यांपूर्वी बाकू येथील विश्वचषकात, उपांत्यपूर्व फेरीत, निजात अबासोवकडून टायब्रेकमध्ये पराभूत होऊन त्याने, जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आव्हानवीरांच्या स्पर्धेकडे नेणारी वाट जवळजवळ हातची घालवली होती. ग्रँड स्विस ही ११ फेऱ्यांची स्पर्धा. स्विस पद्धतीत समान गुण असलेल्यांची गाठ घालण्यात येत असल्यामुळे पहिल्या दिवशी हरणाऱ्यास दुसऱ्या दिवशी मागच्या पटांवर, हरलेल्यांच्याच सोबतीत बसावे लागते, आणि अग्रस्थानी असलेले खेळाडू आपल्यापासून किती दूर गेले आहेत हे गुणतक्त्यावर दररोज वाचावे लागते. विदितने उरलेल्या १० फेऱ्यांत ७ डाव जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि साडेआठ गुणांनिशी, हिकारू नाकामुरासारख्या मातबराला अर्ध्या गुणाने मागे टाकून, स्पर्धा जिंकली. आव्हानवीरांच्या स्पर्धेचे द्वार त्याला उघडले ते या मार्गाने.

ही हकीकत नाशिकच्या बुद्धिबळप्रेमी घरांत अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावी अशीच आहे. परंतु तिच्यातील विजयापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधली रात्र मला अधिक विचारणीय वाटते. चूक झाल्यानंतर माणूस स्वतःशी कसा वागतो, यावर या खेळातील पुढचे बरेचसे अवलंबून असते.

अन्य खेळांत पराभवाची जबाबदारी वाटून घेण्यास जागा असते. खेळपट्टी खराब होती, पंचांनी चुकीचा निर्णय दिला, सहकाऱ्याने झेल सोडला, अशी कैफियत क्रिकेटपटूला देता येते. बुद्धिबळात नाणेफेक नाही, फासा नाही, दोन्ही बाजूंचे सैन्य समान आणि सगळे मोहरे उघड्यावर मांडलेले. त्यामुळे वजीर फुकट गेला तर तो आपल्याच हाताने गेला, ही गोष्ट नाकबूल करण्याची सोयच उरत नाही. हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो, खेळलेली खेळी परत घेता येत नाही, आणि प्रत्येक खेळी स्वतःच्या हस्ताक्षरात डावपत्रकावर नोंदवावी लागत असल्याने आपल्या प्रमादाचा दस्तऐवजही आपणच तयार करून घरी नेतो. त्यात हा खेळ बुद्धीचा म्हणून ख्यात असल्यामुळे ‘माझी खेळी चुकली’ या साध्या वाक्याचे ‘माझी बुद्धीच कमी’ या भयंकर वाक्यात रूपांतर होण्यास, विशेषतः दहाबारा वर्षांच्या मुलाच्या मनात, क्षणाचाही विलंब लागत नाही.

एखाद्या रविवारी शहरातील शालेय स्पर्धेच्या सभागृहात उभे राहून पाहावे. उत्तम स्थितीत असलेला मुलगा घोडा उचलून ठेवतो, बोटे सोडतो, आणि त्याच क्षणी त्याला दिसते की मागचा हत्ती उघडा पडला. त्याचे कान लाल होतात. तो प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. समोरच्याने हत्ती मारताच तो विचार न करता पुढची खेळी करतो, घड्याळ जोराने दाबतो, आणि मग पाचसहा खेळ्या अशा काही घाईने खेळून टाकतो, की जणू ती शिक्षा लवकर संपावी एवढीच त्याची इच्छा असावी. वस्तुतः हत्ती गेल्यावरही पटावर लढण्यासारखे पुष्कळ उरले होते, आणि घड्याळात वेळही होता. पहिल्या चुकीने हत्ती नेला. डाव मात्र त्यानंतरच्या नैराश्याने घालवला.

हे केवळ मुलांचेच होते असे नाही. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी सोची येथे जगज्जेतेपदाच्या लढतीच्या सहाव्या डावात मॅग्नस कार्लसनने २६व्या खेळीत आपला राजा अशा घरी नेला, की विश्वनाथन आनंदने घोड्याने एक प्यादे मारले असते तर त्याला दोन प्याद्यांचा लाभ झाला असता. जगज्जेत्याकडून अशी चूक होईल ही अपेक्षाच नसल्याने आनंदने अल्पावधीतच बाजूचे प्यादे पुढे सरकवले. संधी गेली, डावही गेला, आणि बरोबरीत असलेल्या लढतीत तो मागे पडला. साऱ्या जगाने ती चूक पाहिली. मधल्या एका दिवसाच्या विश्रांतीनंतर सातवा डाव झाला. त्यात पुन्हा काळ्या मोहऱ्यांनी खेळताना, अखेरीस हत्ती आणि घोड्याविरुद्ध केवळ एका हत्तीनिशी उभे राहून, आनंदने १२२ खेळ्यांपर्यंत किल्ला लढवला आणि डाव बरोबरीत सोडवला. ती लढत तो पुढे हरला हे खरेच. तथापि त्या १२२ खेळ्यांना मी त्याच्या अनेक देखण्या विजयांच्या पंक्तीत बसवीन.

मग करावे काय? डाव चालू असताना चूक ध्यानी आली तर हात मांडीखाली ठेवून स्वस्थ बसावे, मुभा असेल तर उठून पाणी पिऊन यावे, आणि परत आल्यावर पटाकडे, तो दुसऱ्या कोणाचा अर्धवट राहिलेला डाव आपल्याला पुढे खेळावयास दिला आहे, अशा दृष्टीने पाहावे. काय गमावले याचा हिशेब तेथे करू नये. काय शिल्लक आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा बेत काय आहे, एवढेच पाहावे. डाव संपल्यावर चौकशी अवश्य करावी, पण त्याच संध्याकाळी संगणकासमोर बसून नव्हे, विशेषतः दुसऱ्या दिवशी फेरी असेल तर मुळीच नव्हे. संगणक चुकीची खेळी कोणती हे निमिषार्धात दाखवतो, परंतु ती का घडली याची वार्ता त्याला नसते. वेळ अपुरा पडला, की जिंकलो या समजुतीने लक्ष ढळले, की प्रतिस्पर्ध्याच्या उत्तराचा विचारच केला नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक, आणि म्हणून संगणक उघडण्यापूर्वी ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून ठेवावे. मिखाईल बोटविनिक आपल्या डावांचे परीक्षण लिहून प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरीत असे, तो याचसाठी की इतरांच्या टीकेपुढे आत्मवंचना टिकत नाही. १९५७ मध्ये स्मिस्लोवकडून आणि १९६० मध्ये तालकडून त्याने जगज्जेतेपद गमावले, आणि दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी ते परत मिळवले. अशी वही काही महिने ठेवली की बहुधा असे आढळते, की शेकडो वाटणाऱ्या आपल्या चुका दोनतीन जातींच्याच आहेत. आणि ज्या शत्रूची संख्या कळली त्याचे भय आपोआप ओसरते.

या उपायांनी प्रत्येक वेळी यश मिळते, असा दावा मात्र मी करणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत विदितने दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी, ११व्या खेळीस उंटाचे बलिदान देऊन, नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका खंडित केली. आणि लगेच तिसऱ्या फेरीत प्रज्ञानंदकडून व चौथ्या फेरीत नेपोम्नियाचीकडून तो हरला. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा नमवले, तरीही १४ पैकी ६ गुणांसह त्याला सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता.

राहता राहिले पालक. स्पर्धेच्या दाराशी उभे असलेले आईवडील बाहेर येणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न ‘जिंकलास का?’ असा विचारतात, आणि उत्तर नकारार्थी आले की दुसरा, ‘एवढे साधे कसे दिसले नाही?’ त्यामागे माया असते, खर्च आणि रजा यांची ओढाताण असते, हे मी जाणतो. परंतु या दुसऱ्या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नसते, आणि तो विचारला गेला की पुढच्या फेरीत ते पटाला नव्हे, त्या प्रश्नाला भिऊन खेळू लागते. नाशिकच्या पालकांना माझी एवढीच विनंती आहे: डावपत्रक मुलाच्या हातून मागून घेऊ नका, त्याला आधी जेवू घाला, रेटिंग किती घसरले याची आकडेमोड त्याच्यासमोर करू नका, आणि दुपारच्या फेरीस वेळेवर पोचवा.